गिरिसातलं कुंकू

कुरुळीत खंडेनवमीचा पहिला नारळ कुठं फुटतो, असं हायवेवरच्या कुठल्याही ट्रकवाल्याला विचारा. तो तोंडातली पिचकारी टाकून सांगेल, "रहिमान मिस्त्रीच्या गॅरेजात. दुसरीकडं कुठं?"

आता तुम्ही म्हणाल, रहिमान आणि खंडेनवमी, हे कसं काय जमलं बुवा? तर गॅरेज मूळचं ज्ञानदेव मिस्त्रींचं. त्यांना मूलबाळ नव्हतं. हाताखाली वाढलेल्या रहिमानच्या हवाली दुकान करताना म्हाताऱ्यानं एकच शब्द घेतला. "नमाज तुझी तू पढ. पण हत्यारांची नवमी चुकवू नकोस. त्यांनी आपल्याला पोसलंय." म्हातारा जाऊन जमाना झाला, पण रहिमानचाचांनी एक नवमी चुकवली असेल तर शपथ. पाने, जॅक, वेल्डिंगचं मशीन, सगळं आदल्या दिवशी धुऊनपुसून लख्ख. सकाळी झेंडूच्या माळा, नारळ, पेढे. आणि मग आवारात उभ्या असतील नसतील तेवढ्या गाड्यांना चाचांच्या हातचा टिळा.

हा टिळा साधासुधा नाही बरं का. चाचा कुंकू पाण्यात कालवत नाहीत, गिरिसात, म्हणजे ग्रीसमध्ये कालवतात. ही ज्ञानदेव मिस्त्रींचीच शिकवण. पाण्यातलं कुंकू पहिल्या धुण्यात वाहून जातं, गिरिसातलं पुढच्या दसऱ्यापर्यंत हलत नाही. त्यात चाचांच्या उजव्या अंगठ्याचा फॅनबेल्टनं कधीकाळी तुकडा पाडलेला, त्यामुळं टिळ्याच्या मधून एक तिरपी रेघ कोरी राहते. ट्रकवाले त्याला तुटक्या अंगठ्याचा टिळा म्हणतात आणि तो मिळावा म्हणून नवमीला पार महाळुंग्यापासून गाडी घेऊन येतात. कुणाला खरं वाटो न वाटो, कुरुळीत याला पुरावा लागत नाही.

तर अशा माणसाची मोठी मुलगी साबिया विमानाची इंजिनियर झाली. सासर रहाटणीला, नोकरी लोहगावच्या विमानतळावर, एका विमान कंपनीत. उड्डाणाआधी विमानाची तपासणी करायची, बिघाड असेल तर काढायचा, आणि सगळं ठीक असेल तर सही करायची. तिची सही नसेल तर कॅप्टन कितीही मोठा असो, विमान जागचं हलत नाही. चाचांना याचा केवढा अभिमान! डिझेल भरायला आलेल्या अनोळखी माणसालासुद्धा थांबवून सांगायचे, "आमची पोरगी इमानं दुरुस्त करती."

पण स्वतः बसायचं म्हटलं की गडी गप्प. साबियानं किती वेळा तिकीट काढून देते म्हणून गळ घातली. चाचांचं उत्तर ठरलेलं. "ज्या गाडीखाली झोपून बघता येत न्हाई, त्या गाडीत मी बसत न्हाई."

शेवटी हा पेच सोडवला तो एका तान्ह्या पोरीनं. धाकटी आरफा नागपूरला दिलेली. लग्नाला कितीतरी वर्षं झाली, नवससायास झाले, आणि आता कुठं तिला मुलगी झाली. बातमी आली तशी नजमाचाचींनी बॅग भरायला घेतली. चाचा म्हणाले, रेल्वेनं जाऊ. चाची म्हणाल्या, "तुम्ही खुशाल गाडीखाली झोपून राहा. मी विमानानं चालले माझ्या नातीला बघायला." पुढं दोन दिवस चाचा घरात पाय वाजवत फिरले आणि मग हळूच साबियाला फोन केला.

"त्या दिवशी तुझी ड्युटी हाय का?"

"तुम्ही सांगाल त्या दिवशी लावून घेते, अब्बा."

"मंग इमान तू बघणार. सही तू करणार."

"मीच करणार."

"मंग काढ तिकीट," चाचा म्हणाले, आणि आपलंच मन फिरायच्या आत फोन ठेवून दिला.

दसऱ्याच्या गर्दीत जागा मिळाली ती नेमकी खंडेनवमीच्या दिवसाची. चाचांनी पहाटेच गॅरेजातली पूजा उरकली, रांगेतल्या सगळ्या गाड्यांना टिळे लावले, हात धुतले आणि पांढरा कुडता चढवून निघाले. खिशात बामची एक चपटी डबी होती. तिच्यात काय होतं, ते ना चाचींनी विचारलं ना विमानतळावरच्या तपासणीवाल्यांनी. बामच्या डबीत बाम असतो, एवढंच दुनियेला ठाऊक.

त्या दिवशी साबियाचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. नागपूरचं विमान आलं तशी ती त्याच्याभोवती अशी फिरली, की तिच्या हाताखालचा टेक्निशियन अजिम हसून म्हणाला, "ताई, आज काय विमानाला न्हाऊ घालताय का?" चाकं, ब्रेक, पंख, इंजिनाची पाती, सगळं तिनं दोनदा बघितलं. सहवैमानिकानं आपली फेरी मारली, तोही निर्धास्त होऊन वर गेला. कॅप्टन होती नेहा. पिंपरीतली, वडील कंपनीत फिटर होते, आणि दोघी एकाच पट्ट्यातल्या म्हणून तिचं आणि साबियाचं चांगलं जमायचं. कागद दाखवताना साबियानं तिच्या कानात सांगितलं, "मॅडम, आज माझे अम्मी-अब्बा आहेत. पहिल्यांदा बसतायत."

"मग आज भुर्रकन नाही, अलगद नेते," नेहा म्हणाली.

एक अडचण तेवढी होती. दुपारी काही तास धावपट्टी बंद राहणार होती. त्याआधी निघालं तर ठीक, नाहीतर थेट संध्याकाळ. पण वेळ भरपूर होता आणि विमान फुलासारखं होतं, तेव्हा त्याची चिंता कुणी करावी?

प्रवाशांची बस आली. निम्मं विमान पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांचं होतं, पिंपरी-चिंचवडहून दुसऱ्या दिवशीच्या दीक्षाभूमीच्या सोहळ्याला निघालेल्या. म्हाताऱ्या बाया, त्यांचे मुलगे, सुना, डबे, हास्यविनोद. त्या गर्दीत अब्बांचा कुडता आणि अम्मीची मोरपंखी साडी. अम्मीनं पंखाखाली उभ्या लेकीकडं बघून असा हात हलवला, की बसवाल्यालाही कौतुक वाटलं. अब्बांनी हात हलवला नाही. ते विमान बघत होते. चाकापासून शेपटापर्यंत एकदा नजर फिरवली आणि मान डोलावली. तेवढ्यात इंधनवाल्यानं पलीकडून हाक मारली आणि साबियाला जावं लागलं.

ती परत आली तेव्हा सगळे वर चढलेले होते. शिडी काढायची तयारी सुरू होती. शेवटची फेरी म्हणून ती विमानाच्या नाकापासून निघाली, एकेक झाकण हातानं चाचपत. आणि पुढच्या शिडीपाशी येऊन ती थांबली.

विमानाच्या अंगावर तिथं एक गोल चकचकीत चकती असते, स्टॅटिक पोर्ट नावाची, शिडीवरून हात लांबवला तर पोचेल अशी. तिच्यात सुईनं पाडल्यासारखी बारीक भोकं. त्या भोकांतून विमान बाहेरची हवा चाचपतं आणि आपण किती उंचावर आहोत, किती वेगात आहोत, ते कॅप्टनला सांगतं. भोवती कोरा रंग, मध्ये लख्ख धातू. टिळा लावायला याच्याहून साजरी जागा अख्ख्या विमानावर दुसरी नाही.

आणि तिथं टिळा होता. लालभडक, जाड, चमकणारा. मधून एक तिरपी रेघ कोरी.



पहिल्यांदा आलं ते हसू, खोटं कशाला सांगा. मग राग आला, असा की अब्बांना खाली ओढून विचारावं, अहो, तुमचा ट्रक आहे का हा? आणि मग तिला एकदम भरून आलं. कारण या माणसानं आजवर ज्या ज्या गाडीला टिळा लावला, तिला आपली मानून लावला होता. लेकीच्या विमानाला बिनटिळ्याचं कसं जाऊ देतील ते?

पण गिरीस ते गिरीस. साध्या कुंकवाची चिमूट असती तरी बघावं लागलं असतं, हे तर भोकांत अंगठ्यानं दाबून बसवलेलं. वर गेल्यावर विमानानं हवेची चुकीची खबर दिली, तर नेहाला उंची कळणार नाही, वेग कळणार नाही. आत दीडशेवर माणसं. त्यांत तिची आई, तिचा बाप.

आणि कुणी बघितलेलं नव्हतं. हेच तर अवघड होतं. अजिम पलीकडं विमान ढकलायच्या ट्रॅक्टरपाशी, सुरक्षेचा प्रितम शिडीच्या वर पाठ करून. साबियाच्या खिशात स्वच्छ फडकं होतं. एकदा पुसलं की लाली गेली असती. भोकं बहुतेक मोकळी असतील. बहुतेक. विमान वेळेत निघालं असतं, अब्बा संध्याकाळी नातीला मांडीवर घेऊन बसले असते, आणि कुणाला काही कळलं नसतं. सांगितलं तर? तर विमानाला हात लावला म्हणून अब्बांना उतरवतील, पोलिसांत नेतील, पांढऱ्या कुडत्यावर. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या भरवशावर विमानात बसलेला माणूस, आणि त्याला पोलिसांच्या हवाली मीच करायचं? इकडं आड, तिकडं विहीर.

तिनं फडकं काढलं, हातात धरलं आणि परत खिशात कोंबलं. मग हेडफोनची वायर विमानाला लावली.

"मॅडम, दार बंद करू नका. डाव्या स्टॅटिक पोर्टवर ग्रीस आहे."

"ग्रीस?" नेहाचा आवाज आला. "आत्ता तर फेरी मारली. कुठून आलं?"

"कुंकवाचं आहे. बाहेरून लावलंय. भोकांत गेलंय."

"कुणी लावलं काही कळलं?"

आता हा प्रश्न आला होता. फडक्यासारखं नावही खिशात कोंबता आलं असतं. पण ज्यानं लावलं त्यानं आणखी कुठं लावलं, हे त्यालाच ठाऊक असणार, आणि ते कळल्याशिवाय सही कशी करायची?

"माझ्या अब्बांनी," ती म्हणाली. "सातवी रांग, खिडकीची सीट. मॅडम, त्यांनाच विचारावं लागेल, अजून कुठं हात लावलाय ते."

चाचांना खाली आणलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर अजून कौतुकच होतं. त्यांना वाटलं, लेकीनं इंजिन दाखवायला बोलावलं. मागून चाची आल्या, न बोलावता. प्रितम आला, भुवया डोक्यावर चढवून. नेहा आली, टोपी काखेत मारून. आणि साबियानं चकतीकडं नुसतं बोट दाखवलं.

"हां," चाचा खुशीत म्हणाले, "दिसला का? मागचा माणूस ढकलत हुता, न्हाईतर आणखी ठसठशीत लावला असता."

प्रितमनं कपाळाला हात लावला. "चाचा, विमानाला असं काही लावायचं नसतं. गुन्हा आहे हा."

"गुन्हा?" चाचांचं हसू जागच्या जागी विरलं. "अरं, आज नवमी हाय."

मग साबियानं त्यांना सांगितलं. चकती काय असते, भोकं कशाला असतात, गिरीस आत गेलं की काय होतं. घाईघाईनं नाही, एकेक करून, गॅरेजात त्यांनी तिला कार्बोरेटर समजावला होता तसं. चाचा ऐकत गेले आणि त्यांच्या अंगातलं वारंच गेलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. आपल्या अंगठ्याकडं बघत उभे राहिले बिचारे.

"अजून कुठं लावलं, अब्बा?"

"कुठं न्हाई. एवढाच."

"खोटं नका बोलू!" चाची कडाडल्या. "दाराच्या कडेलाही लावलं. मी पदरानं पुसलं. हा बघा." आणि मोरपंखी पदरावरचा लाल डाग त्यांनी सगळ्यांपुढं धरला.

नेहाला हसू आवरेना. तिनं तोंड फिरवलं, खोकला काढला आणि मग कॅप्टनसारखी उभी राहिली. "दाराची कडही बघा. आणि दुसऱ्या बाजूची चकतीही. सगळ्यांना खाली उतरवा. घाई नाही."

घाई नाही म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं. धावपट्टी आता हातची गेली.

चाचा साबियाजवळ सरकले. आवाज एकदम बारीक झाला होता, आणि त्यात राग होता की लाज, त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. "तुझ्यापाशी फडकं नव्हतं व्हय गं? पुसून टाकायचं की गुपचूप. बापाचं नाव घ्यायची काय गरज हुती?"

साबियाचे डोळे भरले. पण ती बापाची लेक होती, तोंड तिलाही होतंच. "होतं फडकं. तुम्ही पुसलं असतं, अब्बा? मामूच्या लग्नाला नवरदेवाची गाडी ब्रेकचं तेल गळत असताना निघाली होती, तेव्हा चावी काढून खिशात कुणी घातली? वऱ्हाड उन्हात उभं केलं कुणी?"

"माझा भाऊ अजून बोलत नाही यांच्याशी!" चाचींनी लगेच साक्ष दिली.

चाचांनी मान वर केली. नुसते लेकीकडं बघत राहिले. मग प्रितमबरोबर बसकडं निघून गेले, हात पाठीमागं बांधून.

ते तसे पाठमोरे जाताना बघून साबियाला वाटलं, गेलं. आता हे परत कधी विमानात बसायचे नाहीत, आणि माझ्याशी तरी कसे बोलतील. पण उभं राहून रडायला सवड नव्हती. अजिम सामान घेऊन धावत आला. दोघांनी आधी चकतीवरचं गिरीस अलगद उचललं, मग औषधाच्या बोळ्यानं एकेक भोक साफ केलं, भिंगातून बघितलं, पुन्हा साफ केलं. गिरीस चिवट. ज्ञानदेव मिस्त्रींचीच करामत ती, सहजासहजी कशी सुटेल?

"ताई," अजिम घाम पुसत म्हणाला, "चाचांचा माल भारी आहे राव. आपल्या कंपनीचा पेंट इतका टिकत नाही."

साबियाला एवढ्या टेन्शनमध्येही फस्सकन हसू आलं. भोकं मोकळी झाली तरी तेवढ्यावर भागत नाही. चकतीला नळी जोडायची, पंपानं हवेची ओढ द्यायची आणि कॉकपिटमधला उंचीचा आकडा जागच्या जागी राहतो का ते बघायचं. आकडा सरकला, तर कुठंतरी गडबड आहे. नेहा स्वतः वर बसून आकडा वाचत होती. पहिल्या खेपेला तो किंचित सरकला. साबियानं नळी हातानं चाचपली. मग लक्षात आलं, नळीचं तोंडच नीट बसलं नव्हतं. पुन्हा बसवलं, पुन्हा ओढ दिली.

"स्थिर," वरून नेहाचा आवाज. "अगदी ठाम. हलत नाहीये."

उजव्या बाजूलाही तसंच केलं, तिथं काही नसूनही. दाराच्या कडेचं रबर बोटाबोटानं तपासलं. आणि मगच साबियानं लिहिलं, जे झालं ते, जसं झालं तसं. सही केली. 

इकडं टर्मिनलमध्ये काय चाललं होतं, ते तिला नंतर अम्मीकडून कळलं. प्रवासी भडकलेले. दसऱ्याची गर्दी, पोरं रडतायत, आणि फलकावर नुसतं लिहिलेलं, तांत्रिक कारणामुळं उशीर. एकजण ओरडला, "या कंपनीची विमानंच भंगार! यांच्या इंजिनियरांना काही येतं का?" तेवढं ऐकलं मात्र, आणि कोपऱ्यात बसलेले चाचा ताडकन उठले. त्यांना कुणी उठायला सांगितलं नव्हतं. चाचींनी कुडता धरून ओढला, तरी उठलेच.

"इमान भंगार न्हाई," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "इंजिनियरांची काय चूक न्हाई. चूक माझी हाय. मी नवमीचा टिळा लावला, नको त्या जागी."

मग जो गदारोळ उठला! कुणी शिव्या घातल्या, कुणी फोन काढून शूटिंग करायला लागलं. दोन-तीन गडी तर अंगावरच आले. तेवढ्यात गर्दीतून एक टेम्पोवाला पुढं घुसला, महाळुंग्याचा. त्यानं चाचांचा हात धरला, अंगठा उलटा करून बघितला आणि ओरडला, "अरे, हे कुरुळीचे मिस्त्री! माझ्या टेम्पोला सकाळीच यांनी टिळा लावलाय. थांबा रे, हात लावू नका कुणी!" मग त्यानं सगळ्यांना टेम्पोची आणि टिळ्याची अशी काही महती सांगितली, की शिव्या थांबल्या आणि चौकशा सुरू झाल्या. कुणाच्या गाडीचं मायलेज पडत होतं, कुणाचा क्लच घसरत होता. संध्याकाळ होईतो चाचांनी विमानतळावर बसून अर्ध्या पिंपरी-चिंचवडच्या गाड्यांची दुखणी ऐकली. कुणाच्या तरी डब्यातले पेढे निघाले, कुणाच्या चकल्या. चाची म्हणतात, एवढी मजा त्यांच्या लग्नातही आली नव्हती. चाचा मात्र मधूनमधून काचेपाशी जाऊन उभे राहायचे. लांब विमानाच्या नाकाशी, शिडीवर चढलेली, मान वर करून काम करणारी एक निळ्या कपड्यांतली मूर्ती दिसायची. तिला बघायचे आणि परत येऊन बसायचे.

प्रितमनं चाचांचा जबाब घेतला, माफी लिहून घेतली, डबी जप्त केली. त्याचं म्हणणं, नियमानं यांना पाठवताच येणार नाही. नेहानं वरच्या साहेबांना फोन लावला आणि बराच वेळ बोलली. त्यातलं एवढंच साबियाच्या कानावर पडलं, "सर, विमान थांबवलं ते त्यांच्याच मुलीनं. आणि त्यांनी स्वतः उठून सगळ्यांपुढं कबूल केलंय. मी घेऊन जाते त्यांना. जबाबदारी माझी." फोन ठेवून ती बाहेर आली आणि म्हणाली, "चाचा येणार. पण हात साबणानं धुऊन. आणि शिडीवर हात खिशात."

धावपट्टी उघडली. उन्हं कलली होती. बस पुन्हा विमानापाशी येऊन थांबली आणि माणसं उतरली, पण सकाळसारखी धावली नाहीत. सगळ्यात पुढं होत्या सोजरबाई, काळेवाडीच्या, पांढरं लुगडं, ऐंशीच्या घरातल्या. मुलगा हात धरून नेत होता. शिडीच्या पहिल्या पायरीशी त्या थबकल्या. मुलानं ओढलं, तरी हलेनात. मागं रांग थांबली.

"काय झालं, आजी?" साबिया जवळ गेली.

"सकाळी ह्येच इमान बिघाडलं हुतं न्हवं?"

"हो. पण आता नीट आहे."

"नीट हाय म्हणं! सगळेच म्हणत्यात नीट हाय." म्हातारीनं तिच्याकडं रोखून बघितलं. "कशावरनं?"

साबिया चाचपडली. नळी, पंप, आकडा, हे सगळं ऐंशीच्या म्हातारीला कसं सांगायचं? ती तोंड उघडतेय तोच मागून आवाज आला. चाचा रांग सोडून पुढं आले होते, दोन्ही हात खिशात, डोळे लाल. लेकीकडं त्यांनी बघितलं नाही, बघवलं नसेल.

"आवं मावशी," ते म्हणाले, "मला इचारा की. ही माझी पोरगी हाय. हिनं सकाळी सख्ख्या बापाला सोडलं न्हाई. ती इमानातला एक खिळा तरी सोडंल व्हय?"

सोजरबाईंनी चाचांकडं बघितलं, मग साबियाकडं. साबियानं नुसती मान हलवली.

"आस्सं," म्हातारी म्हणाली. मुलाच्या हातातून हात सोडवून घेतला, पदर खोचला आणि पहिली पायरी चढली. तिच्यामागं चाचा, हात खिशातच, आणि मग सगळी रांग.